शिवी काढ, नोटीस घाल

प्रिय मित्रा,

तुझी एकांकिका वाचली, तिच्यावर आलेलं परीक्षणही वाचलं. झोंबणारं आहे, कबूल. पण ‘पुढच्या वेळी यांना हादरवूनच सोडतो’ हे तुझं वाक्य मला जास्त खटकलं. म्हणून आज जो ऑर्टन या इंग्रज नाटककाराबद्दल लिहितो.

लेस्टरच्या कामगारवस्तीत १९३३ साली जन्मलेला पोरगा, बाप नगरपालिकेचा माळी. शिष्यवृत्ती मिळवून लंडनच्या ‘राडा’ या नाट्यशाळेत शिकायला गेला. तिथे केनेथ हॅलिवेल भेटला आणि दोघं शेवटपर्यंत एकत्र राहिले. पुरुषांमधले संबंध तेव्हा तिथे गुन्हा होता. हे मात्र तुरुंगात गेले ते वाचनालयाच्या पुस्तकांपायी! पुस्तकं घरी आणायची, मुखपृष्ठावर भलतंच चित्र चिकटवायचं (गुलाबांवरच्या एका पुस्तकात फुलाच्या मधोमध माकडाचं तोंड), वेष्टणाच्या आतल्या बाजूला चावट मजकूर टंकायचा आणि गुपचूप जागेवर ठेवून यायचं. १९६२ मध्ये सहा महिन्यांची शिक्षा झाली. आज लंडनच्या इझ्लिंग्टन भागात तीच मुखपृष्ठं ठेवा म्हणून जपली आहेत.

१९६४ मध्ये त्याचं ‘एंटरटेनिंग मिस्टर स्लोन’ हे नाटक आलं. ‘डेली टेलिग्राफ’चे नाट्यसमीक्षक डार्लिंग्टन यांना ते बघताना पायांभोवती साप वळवळल्यासारखं वाटलं. ऑर्टन चिडला नाही. एडना वेल्थॉर्प ही त्याने कल्पनेतून उभी केलेली एक सोवळी बाई; तिच्या नावाने त्याने स्वतःच्याच नाटकाविरुद्ध वर्तमानपत्राला संतप्त पत्र धाडलं. उलट घरंदाज दिवाणखानी नाटकांचे बादशहा टेरेन्स रॅटिगन या नाटकावर इतके खूश, की त्यांनी त्यात स्वतःचे पैसे घातले.

पण तुझ्या कामाचं आहे ते त्याचं पुढचं नाटक, ‘लूट’. (इंग्रजीनेच आपला शब्द लुटून नेलेला, त्यामुळे भाषांतराची गरज नाही.) बँक फोडलेला मुलगा आणि त्याचा मित्र पैसे लपवायला आईचं प्रेत शवपेटीतून काढून कपाटात कोंबतात. घरात घुसलेला पोलीस आपण पाणीखात्याचे असल्याचं ठणकावून सांगतो. १९६५ मध्ये केंब्रिजला पहिला प्रयोग झाला. केनेथ विल्यम्ससारखा नट असूनही दौऱ्यात नाटक आपटलं. रोज नवी पानं, रोज नवे संवाद, नट वैतागलेले. लंडनच्या वेस्ट एंडपर्यंत पोचण्याआधीच गाशा गुंडाळला. पुढच्या वर्षी नव्या संचात तेच नाटक उभं राहिलं आणि ‘ईव्हनिंग स्टँडर्ड’ वृत्तपत्राच्या पुरस्कारांत १९६६ चं सर्वोत्तम नाटक ठरलं.

मधल्या काळात प्रेक्षक काही सुधारले नव्हते. ऑर्टनने संहिता कापली, घासली. शिवाय नटांनी डोळे मिचकावू नयेत, सगळं गंभीरपणे खेळावं, हा त्याचा हट्ट होता. त्या दोन पोरांच्या नात्यातही लाडिक हावभाव नकोत, ती कुठल्याही दोन पोरांसारखीच दिसावीत, असं त्याने बजावलं होतं. त्याची माणसं प्रेताची विल्हेवाट लावतानाही अदबीने, सरकारी पत्रासारखी बोलतात. साप वळवळतात ते तिथे. त्या काळी तिथेही संहिता आधी तपासून घ्यावी लागे, आपल्याकडे परिनिरीक्षण मंडळ आहे तसंच. तिथल्या तपासनिसांनी अट घातली की ‘लूट’मध्ये प्रेत म्हणून बाहुलीच वापरायची, जिवंत नटी नको!

९ ऑगस्ट १९६७ ला हॅलिवेलने हातोड्याने त्याचा खून केला आणि गोळ्या खाऊन स्वतःही जीव दिला. ऑर्टन ३४ वर्षांचा होता. समलिंगी संबंधांना काही अटींवर मोकळीक देणारा कायदा मंजूर होऊन दोन आठवडेही झाले नव्हते. तेव्हापासून लोक त्याची नाटकं त्या खुनाच्या खिडकीतून वाचतात. मला ते आवडत नाही. ‘व्हॉट द बटलर सॉ’ या त्याच्या शेवटच्या नाटकाची १९६९ मध्ये थिएटरातच हुर्यो उडाली. १९७५ मध्ये लंडनच्या रॉयल कोर्ट नाट्यगृहाने ते पुन्हा केलं, तेव्हा कुठे त्याची ताकद लोकांना कळली.

आता तुझं सातवं पान काढ. मुलगा आपल्या मित्राला घरी आणतो आणि बाप सलग अकरा ओळी शिव्या देतो. परीक्षणात याच जागेला ‘कर्कश’ म्हटलंय, आणि ते खोटं नाही. त्या अकरा ओळी काढ. बापाला सोसायटीचा सेक्रेटरी कर आणि पोराशी नोटिशीच्या भाषेत बोलायला लाव: ‘सदर पाहुण्यांच्या मुक्कामाबाबत खुलासा करावा.’ पोराने तितक्याच शांतपणे लेखी उत्तर द्यावं.

दुरुस्त केलेलं पान आलं की पुढचं बोलू.

तुझा,
काका