डिस्क गोल्फचा (तबकडी फेकत फेकत बास्केटमध्ये टाकायचा खेळ) पहिला ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकायची डिस्क, घेतोय. स्वस्त प्लास्टिकचा घेऊ की महाग? मित्र म्हणतो, काही फरक पडत नाही. टिकण्यात आणि उडण्यात खरंच फरक पडतो का?

पडतो. तुमचा मित्र म्हणतो ना, "मोल्ड एकच, वर छापलेले नंबर तेच, मग प्लास्टिकनं काय होतंय", तो एक तर झाडीत खेळलेला नाही किंवा त्यानं एकच डिस्क वर्षभर सलग वापरलेली नाही. हेच वाक्य मी गेली सहा वर्षं घरातल्या माणसाकडून ऐकतोय, म्हणून जरा लांब लिहितो.

मी नॉर्थ कॅरोलायनात, शार्लटला राहतो. डिस्क गोल्फसाठी हा भाग म्हणजे आपल्याकडे कुस्तीसाठी कोल्हापूर. २०१२ ची जागतिक स्पर्धा शार्लटलाच झाली आणि इथून ४० किलोमीटरवर रॉक हिलला, विन्थ्रॉप विद्यापीठाच्या मैदानावर, १९९९ पासून अमेरिकेची मोठी स्पर्धा भरते. पहिल्यांदा ती बघायला गेलो तेव्हा एका व्यावसायिक खेळाडूच्या बॅगेत एकाच नावाच्या चार डिस्क दिसल्या. एक चकचकीत, दोन मळलेल्या, एक पार कुरतडलेली. मला वाटलं, हरवतात म्हणून जादा ठेवल्या असतील. तसं नव्हतं. चारही वेगवेगळ्या उडत होत्या आणि कुठली कधी काढायची ते त्याला पक्कं माहीत होतं.

आता माझ्या निळ्या टीबर्डबद्दल. इनोव्हा कंपनीचा ड्रायव्हर, डीएक्स हे त्यांचं स्वस्त प्लास्टिक, १७२ ग्रॅम, नंबर ७, ५, ०, २ (क्रमानं वेग, तरंगणं, वेगात असतानाचा कल, शेवटचं डावं वळण; कल उणे असेल तर उजवीकडे). नवी होती तेव्हा सरळ जायची आणि शेवटी ठामपणे डावीकडे पडायची. (मी उजव्या हातानं बॅकहँड फेकतो, पुढचं सगळं त्या हिशोबानं वाचा.) आम्ही शनिवारी सकाळी इथल्या रीडी क्रीक पार्कात खेळतो. तिथे सगळी झाडी आहे, मधून बैलगाडी जाईल एवढ्याच वाटा आणि खाली लाल माती. उन्हाळ्यात घेतलेल्या त्या डिस्कची कड दसऱ्यापर्यंत खरबरीत झाली, जागोजागी पोचे पडले. थंडी संपता संपता तिचं डावं वळण निम्म्यावर आलं. पुढच्या गणपतीपर्यंत ती आधी हलकेच उजवीकडे सरकायची आणि मग परत रेषेवर येऊन अलगद बसायची. तिथल्या एका होलला वाट साठेक मीटर सरळ जाते आणि मग उजवीकडे झुकते. त्या वाटेला ती डिस्क जणू मापानं शिवलेली होती. दहांतले सात फेक बास्केटच्या जवळ. इतकं चांगलं मी दुसरं काहीच खेळत नव्हतो.

माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाला मेव्हण्यानं नवी टीबर्ड भेट दिली. चॅम्पियन प्लास्टिक, १७५ ग्रॅम, काचेसारखी पारदर्शक लाल, डीएक्सच्या दुप्पट किमतीची. भेट मनापासून होती, त्यात मला काही खोट काढायची नाही. पण त्याच दिवशी पार्किंगमध्ये माझी बॅग आवरताना त्यानं रिकाम्या बाटल्यांबरोबर निळी टीबर्डही कचऱ्यात टाकली. मला दोन दिवसांनी कळलं. विचारलं तर म्हणाला, "दाजी, कुत्र्यानं चावल्यासारखी ती ताटली घेऊन चारचौघांत काय फिरता? तीच डिस्क नवी कोरी दिलीय की तुम्हाला."

पुढच्या शनिवारी त्याच होलला लाल टीबर्ड तीन वेळा फेकली. तिन्ही वेळा डावीकडे, पाइनच्या झाडांत. मेव्हणा म्हणाला, "नंबर तेच आहेत की दाजी. डिस्क तीच आहे. तुमच्या हातात आता पहिल्यासारखा जोर राहिला नाही." माझी मुलगी शेजारी उभी होती.

मी भोसरीत अकरा वर्षं इंजेक्शन मोल्डिंगच्या शॉप फ्लोअरवर काढली आहेत, इथेही काम तेच. मोल्ड एक म्हणजे पार्ट एक, असं कुणी मला सांगू नये. पॉलिप्रोपिलीन थंड होताना दीड-दोन टक्के आकसतं, एबीएस अर्ध्या टक्क्याच्या आसपास. एकाच मोल्डमध्ये दोन्ही ओतलीत तर दोन मापांचे पार्ट हातात येतात. डिस्कचंही तसंच आहे. स्टार आणि चॅम्पियन ही पॉलियुरेथेनच्या जातीची चिवट प्लास्टिकं, डीएक्स मऊ आणि साधं. मधला घुमट कमीजास्त भरतो आणि कडेचं नाक, म्हणजे हवेला आधी भिडणारी धार, जमिनीपासून कमीजास्त उंचीवर येते. डिस्क टेबलावर ठेवून व्हर्नियर लावा, मिलिमीटरच्या अंशात फरक दिसेल. उडण्यात तेवढा फरक पुष्कळ झाला.

तर मी तीन टीबर्ड आणल्या. डीएक्स, स्टार आणि चॅम्पियन, तिन्ही जवळजवळ एकाच वजनाच्या. घराजवळच्या शाळेच्या मैदानावर, वारा नसलेल्या संध्याकाळी, प्रत्येकीचे वीस फेक. माझा फेक ८५ मीटरच्या आसपास जातो. नवी डीएक्स रेषेच्या चारेक मीटर डावीकडे पडत होती, चॅम्पियन आठ-नऊ मीटर, स्टार दोघींच्या मध्ये. मग पाच महिने तिन्ही डिस्क रीडी क्रीकला सारख्याच वापरल्या आणि पुन्हा त्याच मैदानावर आलो. डीएक्स आता रेषेच्या तीन मीटर उजवीकडे. चॅम्पियन मीटरभरसुद्धा हललेली नव्हती. स्टार किंचित नरमली होती. हात एक, दिवस एक, माणूस एक. जोर कमी झाला असता तर तिन्ही डिस्क डावीकडे सरकायला हव्या होत्या, कारण फेक हळू पडला की डिस्क लवकर डावीकडे कोसळते. एकटी डीएक्स उजवीकडे गेली, तीही सात मीटर. मेव्हण्याला मी हे कागदावर मांडून दाखवलं. "मैदानावरचं मैदानावर" एवढंच म्हणून त्यानं तो कागद चहाच्या कपाखाली ठेवला.

असं का होतं ते थोडक्यात सांगतो. वेगात असताना हवेचा दाब डिस्कचं नाक खाली ढकलू बघतो. डिस्क घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरत असते, म्हणून नाक खाली जाण्याऐवजी ती उजवीकडे कलते. वेग उतरला की दाब उलटा पडतो आणि ती डावीकडे कलते. कडेची धार झाडांवर आपटून, दगडमातीवर घासून गोल झाली, खाली दबली, की पहिला परिणाम वाढतो. म्हणून आधी उजवा कल वाढतो आणि शेवटचं डावं वळण त्यानंतर हळूहळू जातं. माझ्या निळीचं सोनं झालं ते या मधल्या टप्प्यात. प्लास्टिक जितकं मऊ तितका तो टप्पा लवकर येतो.

आता तुमचं. पहिला ड्रायव्हर डीएक्समध्येच घ्या आणि टीबर्डही नको, लेपर्ड घ्या. नंबर ६, ५, -२, १, वजन १६५ ते १७० ग्रॅम. दुकानात १२-१३ वेगाचे डिस्ट्रॉयर आणि बॉस समोर मांडलेले असतात, त्यांना हात लावू नका. त्या वेगाला तुमचा हात पोचणार नाही आणि डिस्क दर वेळी डावीकडे आपटेल. डीएक्स लेपर्ड तुम्हाला पहिल्या दिवसापासून सरळ उडणं काय असतं ते दाखवेल. चारसहा महिन्यांनी ती उजवीकडे वळायला लागली की टाकू नका. दुसरी नवी घ्या आणि जुनी उजव्या वळणाच्या वाटांसाठी बॅगेत ठेवा. वर्षभरात तुमच्याकडे एकाच पकडीच्या, एकाच आकाराच्या दोन-तीन डिस्क होतील, प्रत्येकीचं उडणं वेगळं. हे सगळं मिळून एका चॅम्पियन डिस्कपेक्षा थोडेच पैसे जास्त जातात. "स्वस्तातली दोनदा घ्यावी लागते" असं कुणी म्हणालं तर सांगा, हो, दोनदाच घ्यायची आहे, त्यासाठीच स्वस्त घेतोय.

महाग प्लास्टिक एकाच ठिकाणी पहिल्यापासून घ्या: वाऱ्यात फेकायची, मुद्दाम डावीकडे जाणारी डिस्क. फायरबर्डसारखी, नंबर ९, ३, ०, ४. तिचं डावं वळण जाता कामा नये, म्हणून ती चॅम्पियनमध्येच हवी. दुसऱ्या कंपन्यांचं घेणार असाल तर डिस्कक्राफ्टचं झी आणि लॅटिट्यूड ६४ चं ऑप्टो ही चॅम्पियनच्या जवळची, त्याच कंपन्यांची ईएसपी आणि गोल्ड लाइन स्टारच्या जवळची.

आणि कुणाची जुनी डिस्क त्याला न विचारता टाकू नका. कडेवरचे पोचे बघून ती निकामी आहे असं समजणारा माणूस ती कशी उडते ते बघतच नाही. नियमही जुन्या डिस्कच्या बाजूनं आहे. खेळून झालेली झीज चालते, खरवडलेली कड थोडी घासून गुळगुळीत केलेलीही चालते. उडणं बदलावं म्हणून डिस्कमध्ये फेरफार केलेले चालत नाहीत आणि तडा गेलेली किंवा भोक पडलेली डिस्क बाद. माझ्या निळीला एकही तडा नव्हता.

काही गोष्टी राहिल्या. खडकाळ जागी खेळत असाल तर डीएक्स महिन्या-दोन महिन्यांत संपते, तिथे स्टार घ्या. कडाक्याच्या थंडीत डीएक्सला तडा जायची भीती असते आणि चॅम्पियन काचेसारखी कडक होऊन हातातून निसटते, पावसातही तशीच. थंडीत जीस्टार, म्हणजे स्टारचाच जास्त लवचिक प्रकार, बरं. उन्हाळ्यात बॅग गाडीत ठेवू नका. इथल्या जुलैत माझी एक डिस्क बॅगेतल्या बॅगेत वाकडी झाली, कोमट पाण्यात टाकून सपाट फरशीवर दाबून ठेवली तेव्हा बरीचशी सरळ आली. पटरला, म्हणजे जवळून बास्केटमध्ये टाकायच्या डिस्कला, यातलं काही लावू नका, तिथे पकडीला महत्त्व जास्त, स्वस्त प्लास्टिकच चांगलं.

मेव्हण्याच्या बाजूचीही एक खरी गोष्ट सांगायला हवी. चॅम्पियन किंवा स्टार टीबर्ड काही वर्षं झाडीत घासली की तीही त्या मधल्या टप्प्यावर येते, आणि एकदा आली की तिथे वर्षानुवर्षं थांबते. डीएक्स तिथून काही महिन्यांत पुढे निघून जाते, मग पार उजवीकडे लोळते. त्यानं दिलेली लाल टीबर्ड आता सहा वर्षांची आहे आणि या वर्षी पहिल्यांदा ती त्या होलला नीट वळायला लागलीय. पण सहा वर्षं लागली. नवशिक्यानं तेवढी वाट बघू नये.

तुम्ही कुठे खेळता ते लिहिलेलं नाही. झाडी आहे की मोकळं मैदान? मोकळं असेल तर डीएक्ससुद्धा वर्ष-दीड वर्ष फारशी बदलत नाही, मग एकच लेपर्ड पुरे.