कपाटातली वही

पत्र: मुलगी बारावीत आहे, मार्क उत्तम. आमच्या कुत्र्याला स्वादुपिंडात इन्शुलिनोमा, म्हणजे साखर उतरवणारं इन्शुलिन सोडत राहणारी गाठ झाली, त्यातच तो गेला. तेव्हापासून हिचा एकच हट्ट, व्हेट व्हायचं. त्याच्या आजारपणातल्या नोंदींची वही सारखी चाळत बसते, म्हणून मी ती कपाटात बंद केली. एवढे मार्क असताना जनावरांचा डॉक्टर कशाला? तिचं मन वळवा.

उत्तर: मी अडखळले ती त्या कपाटापाशी. वहीत काय आहे ते तुम्हीच पुढे लिहिलंय: झटका किती वाजता आला, त्याआधी खाऊन किती तास झाले होते, पळून आल्यावर मागचे पाय कसे लटपटले. आधी एपिलेप्सी समजून औषध सुरू झालं. दुसऱ्या डॉक्टरांनी वही वाचली आणि उपाशीपोटी रक्त घेतलं. साखर 41, आणि त्याच नमुन्यात इन्शुलिन चढलेलं. साखर एवढी उतरली की निरोगी स्वादुपिंड इन्शुलिन जवळजवळ बंद करतं. गाठ मात्र ते बंद करत नाही. निदान तिथेच झालं, आणि डॉक्टरांना तिथवर तुमच्या मुलीने नेलं. तिच्या हातून ती वही काढून घेणं मला मुळीच पटलेलं नाही.

जनावरांचा डॉक्टर म्हणजे खालची पायरी, हा समज सोडा. 'घाम फुटतोय, गरगरतंय' असं माणूस सांगतो, कुत्रा सांगत नाही. माणसातला इन्शुलिनोमा बहुतेकदा साधा असतो. कुत्र्यातला बहुतेकदा कर्करोग, लिम्फ नोड आणि यकृतात पसरणारा. सोनोग्राफीत तो निसटू शकतो, मग सीटी स्कॅन. ऑपरेशन करून स्वादुपिंडाचा तुकडा काढायचा. ते जमत नसेल तर साखर टिकवायला प्रेडनिसोलोन, डायझॉक्साइड ही औषधं आणि थोडं थोडं, पण वारंवार खाणं. शिरेतून ग्लुकोज घाईने दिलं तर गाठ आणखी इन्शुलिन ओतते आणि साखर पुन्हा कोसळते. यात कमी डोक्याचं काम कुठलं?

प्रवेश परीक्षा, पदवी, मग मेडिसिन किंवा सर्जरीत पदव्युत्तर शिक्षण, हा रस्ता तिला ठाऊक असेलच.

मला काळजी वाटते ती वेगळी. आपण लवकर ओळखलं असतं तर तो वाचला असता, असं तर तिच्या मनात नाही ना? ऑपरेशननंतर अनेक कुत्री वर्षभर किंवा जास्तही जगतात, पण आजार बहुधा परततो. हे समोरच्या घराला सांगणं हाही या कामाचा भाग आहे. सुट्टीत तिला काही आठवडे एखाद्या व्हेटच्या दवाखान्यात बसू द्या. झेपतंय का, ते तिचं तिलाच कळेल. तिचं मन वळवायचं काम मी करणार नाही. वही आज तिला परत द्या, आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या.