चोच वाकडी, पण आजार कशाचा?

प्रश्न : आम्ही नाशिकला मखमलाबाद भागात राहतो. घरामागच्या खुराड्यात सहा कोंबड्या आहेत. त्यांपैकी एका गावरान तलंगेची (तरुण कोंबडीची) वरची चोच डावीकडे आणि खालची उजवीकडे वळली आहे. पिल्लू असताना हा दोष जेमतेम दिसत होता. पुढे तो वाढत गेला. गेल्या आठवड्यापासून ती पिसे फुलवून कोपऱ्यात बसते, दाण्यांवर चोच मारते पण दाणे खाली पडतात, विष्ठा पातळ आणि हिरवट होते आणि उचलली की हलकी लागते. बाकीच्या पाच ठणठणीत आहेत. शेजारी म्हणतात की चोच नेलकटरने कापून सरळ करा. सासूबाईंच्या मते जिवाचे हाल करण्यापेक्षा तिला कापलेली बरी. चोच सरळ होऊ शकते का? आणि तिची अंडी खावीत का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : चोच सरळ होणार नाही. हा दोष बहुधा जन्मजात असतो, शरीराच्या वाढीबरोबर ठळक होत जातो, आणि दोन्ही चोचींची टोके एकमेकांवर घासली जात नसल्यामुळे ती झिजण्याऐवजी लांबत राहतात. तरीही आपल्या पत्रातील मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली ओळ चोचीविषयीची नाही, तर ‘दाणे खाली पडतात’ ही आहे. अशा कोंबड्या बहुतेक वेळा चोचीने आजारी पडत नाहीत, उपासमारीने पडतात. आणि ती दिवसभर भांड्याशी उभी दिसत असल्यामुळे घरच्यांना ती खात आहे असेच वाटत राहते.

म्हणून आधी तिचे पोट भरते की नाही हे हाताने तपासावे. गळ्याच्या खाली, छातीच्या उजव्या बाजूस अन्न साठण्याची पिशवी असते. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरल्यावर ती भरलेली लागली पाहिजे आणि पहाटे रिकामी. संध्याकाळीही रिकामी लागली तर कोंबडी उपाशी आहे. पहाटेही कणकेसारखी गच्च लागली किंवा तोंडाला आंबूस वास आला तर अन्न पुढे सरकत नाही आणि मग घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठावा. यानंतर छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवावे. दोन्ही बाजूंचे मांस आत गेलेले असून हाड धारेसारखे हाताला लागत असेल, तर ही रोडावण्याची सुरुवात आठवड्याभरापूर्वीची नसून बरीच जुनी आहे असे समजावे. हिरवट विष्ठा उपाशी पक्ष्यातही दिसते, कारण पोटात अन्न नसले की पित्ताचाच रंग उतरतो. परंतु राणीखेत या कोंबड्यांच्या साथीच्या रोगातही ती तशीच होते. मान वाकडी होणे, पाय किंवा पंख लुळे पडणे, श्वासाला घरघर लागणे, यांपैकी काही दिसले किंवा दुसरी कोंबडीही मलूल झाली, तर प्रश्न चोचीचा राहत नाही. आज बाकीच्या पाच ठीक आहेत ही जमेची बाजू. तरी निदान होईपर्यंत हिला वेगळेच ठेवावे.

तोंडही उघडून पाहावे. चोच मिटत नसल्यामुळे जीभ कोरडी पडते, टाळूच्या फटीत खाद्य अडकते आणि तिथेच कुजते. ते कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने हळूच काढता येते. मात्र आत पिवळसर, घट्ट चिकटलेला थर दिसला तर तो खरवडू नये. कोंबड्यांना होणाऱ्या देवीच्या रोगात असा थर येतो आणि ओढल्यास रक्त येते.

आता खाण्याची व्यवस्था. अशी कोंबडी चोचीने दाणा उचलू शकत नाही, पण खालच्या चोचीने खाद्य उपसू शकते, म्हणून पसरट ताटलीऐवजी आठ-दहा सेंटिमीटर खोल, जड बुडाचे भांडे घ्यावे आणि ते विटेवर, तिच्या छातीच्या उंचीला ठेवावे. त्यात अख्खे दाणे न टाकता लेयर मॅश (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे भरडलेले खाद्य) कोमट पाण्यात भिजवून लापशीइतका घट्ट करून द्यावा; फार पातळ झाला तर तो चोचीच्या फटीतून गळून जातो. अंगावर मांस येईपर्यंत त्यात उकडलेले अंडे कुस्करून घालण्यास हरकत नाही. पूर्ण वाढलेली कोंबडी दिवसाला साधारण 100 ते 120 ग्रॅम कोरडे खाद्य खाते. हा अंदाज धरून मोजून भिजवावे आणि किती उरले ते पाहावे. नाशिकच्या उन्हाळ्यात भिजवलेले खाद्य दुपारपर्यंत आंबते, म्हणून ते थोडे थोडे आणि ताजे द्यावे. इतर कोंबड्यांबरोबर सोडल्यास तिला भांड्यापर्यंत पोहोचूही दिले जात नाही, तेव्हा सकाळ-संध्याकाळ तिला डालग्याखाली एकटीला खाऊ घालावे. पाण्याचे भांडेही खोलच हवे. चमच्याने किंवा सिरिंजने पाणी तोंडात ओतू नये, कारण श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते आणि पाणी फुप्फुसात जाते; चोचीच्या कडेला एकेक थेंब सोडावा, तो ती स्वतः गिळते. स्वयंपाकघरातील काट्यावर दर आठवड्याला, पहाटे उपाशीपोटी वजन करून वहीत लिहून ठेवावे. डोळ्यांवर विसंबू नये. पिसे फुलवलेली हडकुळी कोंबडी चांगली गुबगुबीत दिसते.

थंडीचे दिवस असतील तर ऊब आवश्यक आहे. आपल्याकडे पारा दहा अंशांखाली उतरतो आणि उपाशी पक्ष्याची सगळी ताकद अंग गरम ठेवण्यातच जाते. खोक्याच्या एका टोकाला साठ वॉटचा बल्ब लावावा, दुसरे टोक मोकळे ठेवावे, म्हणजे नको वाटल्यास तिला दूर सरकता येईल.

ज्याकडे हमखास दुर्लक्ष होते ते म्हणजे उवा. कोंबडी चोचीने पिसे विंचरते आणि उवा वेचते. हिला ते जमत नाही. शेपटीखाली, गुदद्वाराभोवतीची पिसे फाकवून पाहिल्यास पिसांच्या मुळाशी पांढुरक्या लिखांचे गोळे दिसतील. राख आणि कोरडी माती मिसळून धूळस्नानाची जागा द्यावी, आणि प्रादुर्भाव जास्त असल्यास औषध व त्याची मात्रा पशुवैद्यकाकडूनच घ्यावी. आपल्या जिल्ह्यात घरोघरी द्राक्षबागेच्या फवारणीची उरलेली कीटकनाशके असतात आणि ‘थोडेसे पाण्यात टाकून लावले’ असे सांगत लोक मेलेला पक्षी घेऊन येतात. ते कदापि करू नये.

शेजाऱ्यांच्या सल्ल्यातील अर्धा भाग बरोबर आहे. कापल्याने चोच सरळ होत नाही. परंतु वाढलेली टोके कमी केल्यास खाणे सोपे होते. चोचीच्या आत हाड, रक्तवाहिन्या आणि संवेदना असतात, तेव्हा तिला नुसते नख समजू नये. संध्याकाळी, कोंबडी शांत असताना तिला पंचात गुंडाळावे, चोचीमागे टॉर्च धरावा, जिथपर्यंत लालसर छटा दिसते त्याच्या अलीकडे थांबावे, आणि टोक नखाच्या कानशीने थोडे थोडे घासावे. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा पाहावे. रक्त आलेच तर तुरटीची पूड दाबून धरावी. पहिल्या वेळी हे पशुवैद्यकाकडून करवून घेऊन शेजारी उभे राहून पाहणे उत्तम. शासकीय दवाखाना जवळ नसेल तर 1962 या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करता येते. घरातील माणसांच्या वेदनाशामक गोळ्या मात्र देऊ नयेत.

अंड्यांविषयी : चोचीच्या दोषामुळे अंडे खाण्यास अयोग्य होत नाही. ती आजारी आहे आणि निदान व्हायचे आहे तोवर तिची अंडी वापरू नयेत. औषध चालू झाल्यास डॉक्टर सांगतील तितके दिवस थांबावे. तिची अंडी खुडूक (अंड्यांवर बसणाऱ्या) कोंबडीखाली उबवायला मात्र कधीच ठेवू नयेत, कारण हा दोष पुढच्या पिढीत उतरू शकतो. सासूबाईंच्या सूचनेतील काळजी समजण्यासारखी आहे, परंतु आजारी पक्षी कापून खाणे मला मान्य नाही. योग्य भांडे, भिजवलेले खाद्य आणि उवांचा बंदोबस्त करूनही दोन-तीन आठवड्यांत वजन वाढले नाही, तर तिला वेदनामुक्त करण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे, त्याआधी नाही.

प्रश्न : निफाडला आम्ही लहान यंत्रात अंडी उबवली. दोन पिल्लांच्या चोची वाकड्या निघाल्या. यंत्राचा दोष की अंड्यांचा?

उत्तर : दोन्ही शक्य आहेत. पंखा असलेल्या यंत्रात तापमान 37.5 अंश सेल्सिअसच्या आसपास स्थिर हवे आणि अठराव्या दिवसापर्यंत अंडी फिरवली गेली पाहिजेत. यंत्राच्या आकड्यावर विश्वास न ठेवता आत वेगळा थर्मामीटर ठेवून पाहावे. अंडी देणाऱ्या कोंबड्यांना केवळ मका आणि घरचे उरलेसुरले मिळत असेल, तर बायोटिनसारखी जीवनसत्त्वे कमी पडूनही असे होते. पुढच्या खेपेला ठरावीक कोंबडीच्याच पिल्लांत दोष दिसला तर ती वंशातली गोष्ट समजून तिची अंडी बाजूला काढावीत. सध्याच्या दोन पिल्लांना स्टार्टर (लहान पिल्लांचे) खाद्य भिजवून बाटलीच्या खोलगट झाकणात, इतरांपासून वेगळे द्यावे.