पहिली ते पाचवीला शिकवायचंय ना, मग हे आधी बघ

अगं, फक्त बीएडच्या मागे लागू नकोस, पहिली ते पाचवीसाठी ते चालत नाही, सुप्रीम कोर्टाने 2023 लाच सांगितलंय. बारावीनंतर एकतर 2 वर्षांचं डीएलएड (लोक अजून डीएडच म्हणतात) नाहीतर युनिव्हर्सिटीतला 4 वर्षांचा आयटेप (इंटिग्रेटेड टीचर एज्युकेशन प्रोग्रॅम), त्यात डिग्री आणि ट्रेनिंग एकत्रच होतं. पण आयटेपमध्ये कोणत्या इयत्तांना शिकवायचं त्याप्रमाणे स्टेज वेगवेगळ्या असतात, फॉर्म भरताना सेकंडरी नाही ना ते नीट बघ.

आणि कोर्समधली शाळेतली इंटर्नशिप मनापासून कर गं, खरं शिक्षण तिथेच होतं. माझा पहिला पाठ दुसरीवर होता, हातच्याची वजाबाकी, टाचण (पाठ कसा घ्यायचा त्याचा आराखडा) मस्त लिहिलेलं पण 10 मिनिटांत लक्षात आलं की निम्म्या पोरांना दशक म्हणजे काय तेच माहीत नाही, मग काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधले, ते सोडून मोजायला दिले तेव्हा कुठे चेहरे खुलले. तेव्हापासून आधी वर्गात बसून मुलं बघते, टाचण नंतर.

टीईटीच्या (शिक्षक पात्रता परीक्षा) पेपर 1 ची, म्हणजे पहिली ते पाचवीवाल्या पेपरची तयारी कोर्स चालू असतानाच सुरू कर, 150 पैकी 90 लागतात ओपनला, आणि बालमानसशास्त्र पाठ करू नकोस, वर्गातल्या पोरांशी जोडून वाच.