लहानपणी जमवलेली नाणी इतक्या वर्षांनी सापडली आहेत, त्यांचं काय करावं?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की गावचं घर आवरताना लहानपणी जमवलेल्या नाण्यांची पिशवी हाती लागली. ती विकावी, घासूनपुसून मुलांना द्यावी, की देवघरात ठेवून द्यावी, हे तुम्हाला सुचत नाही.

यातलं काहीही करण्याआधी ती पिशवी घेऊन घरातल्या सगळ्यात वयस्क माणसापाशी जाऊन बसा. एकेक नाणं त्यांच्या हातात द्या, कुठून आलं ते विचारा, आणि सांगतील ते तिथल्या तिथे लिहून घ्या. नाण्याचा भाव पुढच्या वर्षीही काढता येईल. मी हे फार उशिरा केलं. माझ्या डब्यातल्या निम्म्याहून जास्त नाण्यांबद्दल सांगणारं आता कोणी राहिलेलं नाही.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वीकडे. घर कवेलूचं, म्हणजे कौलांचं. तीन वर्षांपूर्वी कवेलू उतरवून टिनं टाकायला घेतली, तेव्हा आड्याजवळ डालड्याचा पिवळा डबा सापडला. झाकण गंजून घट्ट बसलं होतं, उलथण्यानं उचकटावं लागलं. आत वहीच्या पानांच्या पुड्या होत्या. प्रत्येक पुडीवर माझ्या चौथी-पाचवीतल्या अक्षरात आकडा होता, नाव मात्र एकावरही नव्हतं.

हे सगळं सुरू झालं तान्ह्या पोळ्याला. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो: श्रावण अमावस्येला बैलांचा पोळा भरतो, आणि दुसऱ्या दिवशी लहान पोरं लाकडाचे नंदी सजवून घरोघर जातात. प्रत्येक घरी नंदीला ओवाळतात आणि पोराच्या हातावर पैसे ठेवतात, त्याला बोजारा म्हणतात. माझा नंदी आमच्या गावच्या वाढईनं बाभळीच्या लाकडाचा करून दिला होता. चाकं थोडी तिरपी होती, पण तो पळायचा छान. कोणी पाच पैसे द्यायचं, कोणी दहा. एका वर्षी गल्लीतल्या एका म्हातारीनं पानाच्या चंचीतून काढून मला भोकाचा पैसा दिला. मी तो घेऊन आबाजींच्या दुकानात गोळ्या घ्यायला गेलो. आमचे आबाजी म्हणजे बाबांचे वडील. त्यांचं घराच्या पडवीतच किराण्याचं लहानसं दुकान होतं. त्यांनी तो पैसा करंगळीच्या टोकावर चढवून पाहिला.

"हा गल्ल्यात चालत नाही बाप्पा. पन फेकू नोको. लढाईतला होय हा."

मग त्यांनी सांगितलं की दुसऱ्या महायुद्धात तांबं वाचवायला सरकारनं पैशाच्या मधोमध भोक पाडलं. असे पैसे १९४३ ते १९४७ या काळात निघाले. गावात बाया ते लेकरांच्या करदोड्यात ओवायच्या. मला वाटलं होतं म्हातारीनं फसवलं. आबाजी म्हणाले, तिनं तिच्या चंचीतली सगळ्यात जुनी चीज तुला दिली. डब्यात तो पैसा पहिल्या पुडीत निघाला.

त्यानंतर रोज रात्री गल्ला मोजायच्या वेळी मी त्यांच्याजवळ बसू लागलो. कंदील, गोणपाट, आणि त्यावर ओतलेली चिल्लर. पाच पैसे चौकोनी, दहा पैसे कडा कातरलेले, वीस पैसे सहा कोनांचे. डोळे मिटून हातानं निवडता यायचे. कुठलंही नाणं मला घेता यायचं, पण एका अटीवर. "बदली दे, मंग घे." पाच पैशाच्या जागी पाच पैसे, रुपयाच्या जागी रुपया. फुकट कधीच नाही, आणि जास्तही कधी घेतलं नाही. जुनं आहे म्हणून महाग, हा हिशेब त्यांना मान्यच नव्हता.

१ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, तेव्हाची गोष्ट ते खूप रंगवून सांगत. रुपयाचे सोळा आणे होते, चौसष्ट पैसे होते, आता झाले शंभर नवे पैसे. चार आण्याचे पंचवीस बरोबर बसत, पण एका आण्याचे होतात सव्वासहा. पाव पैसा कुठून द्यायचा? म्हणून एका आण्याचे सहा, दोनचे बारा आणि तीनचे एकदम एकोणीस, असा तक्ता ठरला होता. त्यांनी तो दुकानाच्या दारावर चिकटवला होता. बाया एकेक आण्याची वस्तू तीनदा न्यायच्या, म्हणजे अठरातच काम व्हायचं. आबाजींना ते समजायचं. "एका पैशासाठी कोनाशी भांडाचं," म्हणायचे.

माझी आजी किनवटकडची, म्हणजे पैनगंगेपलीकडची. तिच्या लहानपणी तो मुलूख निजामाचा होता. आमच्याकडे सगळे त्याला मोगलाई म्हणत. तिकडे निजामाचा हाली रुपया चालायचा, इकडे इंग्रजांचा कलदार. लग्न होऊन आली तेव्हा तिला पाठ असलेलं एकच गणित होतं: सात हाली म्हणजे सहा कलदार. ती शाळेत गेली नव्हती, पण हे ती पाढ्यासारखं म्हणायची. मी दहा पैशाचं १९७४ चं नाणं तिला वाचून दाखवलं होतं, त्यावर 'नियोजित परिवार' असं लिहिलं होतं. सात लेकरं वाढवलेली आजी ते ऐकून कितीतरी वेळ हसत राहिली. "आमच्या वेळी कोनं सांगतलंच नाही व माय!"

डब्यात तिच्याकडून आलेलं एक नाणं होतं, चारमिनारचा चांदीचा रुपया. वरच्या काठावर डाळीएवढा खडबडीत डाग, बोट फिरवलं की लागतो. कधीकाळी तिथे कडी डाकलेली होती, माळेत ओवण्यासाठी. आबाजी गेल्यावर एका दुपारी तिनं तो मला दिला, तोही नियमानं. माझ्याजवळचा एक रुपया मागून घेतला, पदराला बांधला आणि चारमिनार माझ्या हातावर ठेवला. का दिला ते मी विचारलं नाही. तेरा-चौदा वर्षांचा होतो, खेळायला पळालो.

मागच्या दिवाळीत हा डबा घेऊन मी मोठ्या आत्याकडे गेलो. ती चौऱ्याऐंशी वर्षांची. दृष्टी अधू झाली आहे, म्हणून ती नाणी बोटांनीच पाहत होती. गांधीजींचे पिवळे वीस पैसे हाती आले तशी म्हणाली, हे बाबांनी, म्हणजे आबाजींनी, देवाजवळ ठेवलेले. १९६९ साली गांधीजींच्या जन्मशताब्दीला ते नाणं निघालं, रंग सोन्यासारखा, त्यामुळे गावात समज झाला की यात सोनं आहे. लोक जपून ठेवू लागले. आबाजी ते सोन्यासाठी ठेवत नव्हते. तरुणपणी ते आपल्या वडिलांबरोबर बंडीनं, म्हणजे बैलगाडीनं, सेवाग्रामला जाऊन आले होते. मला हे माहीतच नव्हतं. माझ्या डब्यात ते कसं आलं, हेही आठवत नाही. बदलीशिवाय आलं नसणार.

मग चारमिनार तिच्या हातात दिला. तिचं बोट थेट त्या डागावर गेलं आणि थांबलं.

"हे माझ्या मायच्या गळ्यातलं होय."

ती माळ पाच रुपयांची होती. दोन राणीछाप, दोन राजाछाप, हे चार इंग्रजांचे, आणि हा एक. माझ्या ताईच्या लग्नाच्या वेळी कापसाचा चुकारा, म्हणजे विक्रीचे पैसे, यायचा होता आणि घरात पैसा नव्हता. आजी आत्याला घेऊन तालुक्याला सोनाराकडे गेली. सोनारानं कड्या तोडल्या, रुपये फरशीवर वाजवून पाहिले. चार ठेवून घेतले. पाचव्याला म्हणाला, हा मोगलाईतला, चांदी हलकी, भाव कमी पडेल. आजी म्हणाली, "माझ्या मायचा रुपया हलका म्हनते? नाही देत मंग." आणि पदराला बांधून परत घेऊन आली.

सोनार खोटं बोलला नव्हता, हे मी नंतर पडताळून पाहिलं. इंग्रजी रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात जवळपास ९२ टक्के चांदी. तोच पूर्वीचा एक तोळा, म्हणून दुकानात 'रुपयाभार जिरं' म्हणत. हैदराबादचा रुपया ११.१८ ग्रॅमचा आणि चांदी ८२ टक्क्यांच्या आत-बाहेर. सात हाली म्हणजे सहा कलदार, हे आजीचं गणित याच्याशी जुळतं. पाचातला हलका होता म्हणूनच तो घरी परत आला. मी इतकी वर्षं समजत होतो की आजीनं तो कुठेतरी लपवून ठेवला असेल.

त्यावरचं साल आमच्या आठवडी बाजारातल्या बांगडीवाल्या चाचांनी वाचून दिलं: हिजरी १३३१, म्हणजे १९१२-१३. चारमिनारच्या दारात एक उर्दू अक्षर आहे, ऐन. तेव्हाचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या 'उस्मान' या नावाचं पहिलं अक्षर. इतकी वर्षं मी त्याला नक्षी समजत होतो. आजी जन्मली त्याच्या आधीचा तो रुपया, म्हणजे तिच्या आईचाच.

आता तुम्ही विचारलंय त्याबद्दल. घासू नका. मी पाचवीत असताना घोड्याचं चित्र असलेला १९५० चा पैसा चिंच आणि राखेनं घासला. दोन दिवस सोन्यासारखा चमकला, नंतर डाग पडले, आणि घोड्याच्या आयाळीच्या रेषा कायमच्या गेल्या. माती लागली असेल तर साध्या पाण्यात भिजवून मऊ कापडानं टिपून घ्या, चोळू नका. चांदीवर आलेली काळपट झाक तशीच राहू द्या. कडी डाकल्याचा डाग असेल तर तो कानसून घेऊ नका. संग्राहक त्याचे पैसे कापतात, पण तुमच्या घरासाठी तोच पुरावा आहे. नाणी नरम, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका, तांब्यावर हिरवा चिकट थर येतो. कागदाची पाकिटं आणि कोरडी जागा बरी.

विकायचं मनात असेल तर आधी घरी दोन गोष्टी पाहून घ्या: वजन आणि लोहचुंबक. वाघाचं चित्र असलेला १९४७ चा रुपया मी वर्षानुवर्षं चांदीचा समजत होतो. जुन्या रेडिओच्या स्पीकरमधलं चुंबक लावलं तर टपकन चिकटला. तो निकेलचा आहे. चांदी चिकटत नाही. ॲल्युमिनियमचे एक, दोन, तीन, पाच पैसे प्रचंड संख्येनं पाडले गेले, त्यांना फारसा भाव नाही. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, म्हणून ती लगेच दुर्मीळ होत नाहीत.

मोबाईलवर 'जुन्या नाण्याचे दहा लाख मिळवा' असं येतं, त्यापासून मात्र फार जपा. आमच्या गावातल्या एका पोरानं नोंदणीचे म्हणून पैसे भरले, मग कराचे भरले, मग पाठवणीचे. सोयाबीन विकून आलेली रक्कम त्यात गेली. रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये लोकांना सावध केलं होतं की आमच्या नावानं जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात कोणी शुल्क मागत असेल तर देऊ नका, आम्ही असे व्यवहार करतच नाही. आणि तुमच्या पिशवीत शेतात नांगरताना जमिनीतून निघालेली नाणी असतील तर गोष्ट वेगळी आहे. १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचं सापडलेलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

मुलांना द्यायची असतील तर सालाच्या खाली पाहायला शिकवा. पत्त्यातल्या चौकटसारखी छोटी खूण असेल तर नाणं मुंबईच्या टांकसाळीचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, गोल ठिपका असेल तर नोएडाचं, आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. माझा मुलगा आता दुकानात सुटे पैसे मिळाले की आधी चांदणी शोधतो. पाहताना नाणं कडेनं धरायला सांगा, बोटाचा घाम तांब्यावर राहतो.

आत्याकडे दोन दिवसांत एकतीस नाण्यांच्या चिठ्ठ्या झाल्या. बाकीच्या पुड्या पुन्हा तशाच बांधल्या. निघताना मी चारमिनार उचलला तर तिनं मूठ सोडली नाही. "हा राहू दे माझ्याजवळ," म्हणाली. मी हो म्हटलं. मग तिनं कमरेची पिशवी सोडली, बराच वेळ चाचपली, आणि आजच्या चलनातलं एक रुपयाचं नाणं काढून माझ्या हातावर ठेवलं.

"बदली घे. बाबांचा नियम हाये."

ते नाणं आता डब्यात आहे. चिठ्ठीवर लिहिलंय: मोठ्या आत्याकडून, चारमिनारच्या बदली.