बोलावणं येतच नाही म्हणता?

“इतकी वर्षं झाली इथे येऊन, पण आपलं असं कुणीच नाही. हे लोक जवळच करत नाहीत.” शहर बदलतं, देश बदलतो, तक्रार तीच. समुपदेशक म्हणून परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडून मी हे इतक्यांदा ऐकलंय की आता पुढचं वाक्यही पाठ झालंय: “तसे वागायला चांगले आहेत हो, पण...” या ‘पण’पाशी कित्येक जण वर्षानुवर्षं अडून बसतात. म्हणून गौरी आणि निनादबद्दल लिहिते. नावं आणि ओळखीच्या खुणा अर्थातच बदलल्या आहेत.

नेदरलँड्समधलं आम्स्टेलवेन. अ‍ॅमस्टरडॅमला लागून असलेल्या या शहरात भारतीयांची इतकी वस्ती आहे की कढीपत्त्यापासून इडली रव्यापर्यंत सगळं हाताशी. निनाद आयटीत, गौरी एम.टेक. पण घरी, मुलगा सात वर्षांचा. शनिवारी मित्रांकडे जेवणं, मराठी मंडळाचा गणपती. तरी गौरीची झोप उडाली होती, कारण वर्गातल्या एका मुलाच्या वाढदिवसाचं बोलावणं यांच्या मुलाला आलं नव्हतं.

“आम्ही नकोच आहोत त्यांना.”

“किती मुलांना बोलावलं होतं?”

“सात-आठ असतील.”

“वर्गात किती?”

“सव्वीस.”

“म्हणजे डच मुलंही बरीच नकोशी आहेत की त्यांना!”

ती हसली, पण पटलं नव्हतं. तिकडे बऱ्याच घरांत वय जितकं, साधारण तितकीच मुलं बोलावतात, हे तिला ठाऊक होतं. ठाऊक असून काय उपयोग! मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वाटेवरची. घटनेपेक्षा त्या घटनेबद्दल आपण मनात जे घोकतो, ते जास्त छळतं, हे माझ्या कामाचं मूळ. गौरी घोकत होती: आधी त्यांनी मला आपलं म्हटलं पाहिजे, मगच मी पाऊल टाकीन.

निनादचं वेगळंच. “दोन वर्षांत परत जायचंय, कशाला गुंतायचं?” ही दोन वर्षं गेली सहा वर्षं चालू होती! पाच वर्षं सलग कायदेशीर वास्तव्य झालं की तिथे परदेशी नागरिकालाही नगरपालिकेला मत देता येतं. मार्च २०२२ च्या निवडणुकीचं मतदानपत्र यांच्या दारात येऊन पडलं होतं. ते न फोडताच रद्दीत गेलं.

बरीच सेशन्स याच गोल गोल चर्चेत गेली. मग मी गौरीला विचारलं, “तुमच्या चिपळूणच्या घरी गणपतीला पुष्कळ माणसं येतात. त्यातली आपली कुठली वाटतात?”

ती लगेच म्हणाली, “जी आल्या आल्या नारळ खवायला बसतात.”

“आणि हॉलमध्ये बसून चहाची वाट बघणारी?”

“ते पाहुणे.”

मग ती बराच वेळ गप्प. मीही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडू नये, हे कुठल्याही पुस्तकापेक्षा मला अनुभवाने शिकवलंय. शेवटी तीच म्हणाली, “मॅडम, मी सहा वर्षं हॉलमध्ये बसलेय.”

मी तिला शाळेचं अ‍ॅप उघडायला लावलं. पालक हवेत: सहलीला सोबत, वाचून दाखवायला, चार दिवस रोज संध्याकाळी निघणाऱ्या पदयात्रेला, सुट्टीनंतर उवा तपासायला. अशा सूचना ती ‘नोटीस’ म्हणून पुसून टाकत होती. डच समाज असल्या पाळ्यांवर चालतो. बोलावणं तिथे कामाची यादी होऊन येतं.

“उवा? मी एम.टेक. आहे हो!”

“डिग्री नका काढू बाहेर, फणी काढा.”

नकाराची भीती होतीच. तिला एलिसचा किस्सा सांगितला. एकोणीस वर्षांच्या या लाजाळू पोराने बागेत शंभरेक अनोळखी बायकांशी स्वतःहून बोलणं काढलं. एकीने भेटायचं कबूल केलं, तीही आली नाही. पण नकाराने माणूस मरत नाही, एवढं त्याला कळलं.

गौरीने नाव दिलं. शाळेच्या कॉरिडॉरमध्ये खुर्च्या, एकेक मूल, कानामागे आणि मानेवर भांग पाडून बघायचं. काळ्या केसांत लीख पटकन दिसते, सोनेरी केसांत लपते. गौरीने शेजारच्या आईला बोटांनी दाखवलं: कोंडा निसटतो, लीख चिकटून राहते. डच चार वाक्यांपुरतं येत होतं, तेवढं पुरलं. पुढच्या सुट्टीनंतर त्या बाईने तिची पाळी मुद्दाम आपल्याबरोबर लावून घेतली.

म्हणून जो जो विचारतो त्याला सांगते, ‘आधी भाषा, मग मिसळणं’ हा क्रम सोडा. हाताने होईल असं काम घ्या, आणि तेही पुन्हा पुन्हा येणारं, कारण ओळख एका कार्यक्रमात होत नाही. जर्मनीत श्टुटगार्टकडच्या एका जोडप्याने इमारतीचा जिना झाडायची पाळी कुरकुर न करता केली, आणि शेजाऱ्यांचा नूर तिथून बदलला. मराठी मंडळ सोडायचं कारण नाही. आठवड्यातले दोन तास बाहेरच्यांना द्या. मुलांना पुढे करून आपण मागे राहू नका, मूल दुभाष्या झालं की थकतं. आणि लगेच मैत्रीची अपेक्षा नको. काही ठिकाणी खरोखर दुजाभाव असतो, तोही आपल्याच मनाचा खेळ समजून गिळायचा नाही.

निनाद जरा उशिराच हलला. मुलाच्या फुटबॉल क्लबात कँटीनची पाळी घेतली. शुद्ध शाकाहारी माणूस, मांसाचं सारण भरलेले क्रोकेट तळायला नको म्हणाला, तर त्याला कॉफीच्या मशीनवर उभं केलं. तिथे सगळेच येतात.

मध्यंतरी गौरीचा घाईघाईने मेसेज आला. उवांच्या पाळीतल्या त्या बाईला जेवायला बोलावलं, तर तिने डायरी काढून तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. “टाळलंच ना मला?”

मी कळवलं, “तिकडे सगळ्यांना अशाच तारखा देतात. दिलीय ना? मग आमटी कमी तिखट करा, आणि त्यांच्या मुलांना काय चालतं ते आत्ताच विचारून ठेवा.”