फाइल जागेवर असूनही सापडत नाही : पाथविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : हिशेबाच्या नोंदी वाचून त्यांचा मासिक गोषवारा काढणारा एक छोटा प्रोग्राम मी पायथॉनमध्ये लिहिला आहे. माझ्या विंडोज संगणकावर एडिटरमधून तो व्यवस्थित चालतो. तोच प्रोग्राम लिनक्स सर्व्हरवर क्रॉनद्वारे (ठरलेल्या वेळी कामे आपोआप सुरू करणारी सोय) रोज रात्री चालावा अशी व्यवस्था केली, तेव्हा ‘नोंदी\चालू.सीएसव्ही’ ही फाइल सापडत नाही असा संदेश आला. बॅकस्लॅश काढून साधा स्लॅश घातला, तरी फाइल सापडत नाहीच. फाइल तर जागेवर आहे. सगळीकडे पूर्ण पाथच, म्हणजे डिस्कच्या मुळापासूनचे फाइलचे पत्ते, लिहून टाकावेत का?

उत्तर : तुमच्या प्रोग्राममध्ये दोन चुका एकीमागे एक दडलेल्या होत्या. स्लॅश बदलल्याने पहिली गेली, दुसरी तशीच राहिली, आणि दोन्हींचा संदेश सारखाच असल्यामुळे काहीच सुधारले नाही असे तुम्हाला वाटले.

पहिली चूक चिन्हाची. लिनक्समध्ये बॅकस्लॅश हे फोल्डर वेगळे करणारे चिन्ह नसून फाइलच्या नावात चालणारे एक साधे अक्षर आहे, त्यामुळे ‘नोंदी\चालू.सीएसव्ही’ एवढ्या लांब नावाची एकच फाइल तेथे शोधली गेली. हा फरक जुना आहे. १९८१ साली आलेल्या एमएस-डॉसच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डर नव्हतेच, आणि स्लॅश हे चिन्ह आज्ञांचे पर्याय लिहिण्यासाठी वापरले जात होते. १९८३ मध्ये दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले तेव्हा ते चिन्ह अडकलेले असल्यामुळे बॅकस्लॅश घ्यावा लागला. मात्र प्रोग्राममधून दिलेला साधा स्लॅश विंडोज जवळजवळ सर्वत्र स्वीकारते, म्हणून दोन्हीकडे चालायचे असेल तर तोच लिहावा. बॅकस्लॅशचा आणखी एक उपद्रव असा, की त्याच्यापुढे रोमन लिपीतील छोटा ‘एन’ आला तर पायथॉन त्या जोडीचा अर्थ ‘नवी ओळ’ असा घेतो आणि पाथ मधोमध तुटतो.

दुसरी चूक अधिक महत्त्वाची आहे. रिलेटिव्ह पाथ, म्हणजे मुळापासून न लिहिलेला अर्धा पत्ता, तुमच्या प्रोग्रामची फाइल जेथे आहे तेथून मोजला जातो, असा समज अनेकांचा असतो. प्रत्यक्षात तो प्रोग्राम ज्या फोल्डरमध्ये ‘उभा राहून’ सुरू झाला, त्या चालू फोल्डरपासून मोजला जातो. एडिटर बहुधा प्रकल्पाचा फोल्डर हाच चालू फोल्डर धरतो, म्हणून तुमच्या संगणकावर सारे जुळून आले. क्रॉन मात्र वापरकर्त्याच्या होम फोल्डरमधून काम सुरू करतो. विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्येही ‘स्टार्ट इन’ हा रकाना रिकामा ठेवला, तर प्रोग्राम सिस्टम३२ फोल्डरमध्ये सुरू होतो. खात्री करायची असेल तर प्रोग्रामच्या पहिल्याच ओळीत ‘ओएस.गेटसीडब्ल्यूडी()’ छापून पाहा. तुमच्या नोंदी कोठे शोधल्या जात होत्या ते लगेच कळेल. (येथे नावे उच्चाराप्रमाणे छापली आहेत, लिहिताना ती रोमन अक्षरांतच लिहावीत.)

सगळीकडे पूर्ण पाथ लिहिण्याचा उपाय मी सुचवणार नाही, कारण तो पाथ एकाच संगणकावर खरा असतो. संगणक किंवा वापरकर्त्याचे नाव बदलले की तो खोटा ठरतो. त्याऐवजी पायथॉन ३.४ पासून सोबत येणारे पाथलिब हे पाथ हाताळणारे मॉड्यूल वापरा आणि सुरुवातीलाच आधाराचा फोल्डर, म्हणजे प्रोग्रामची फाइल जेथे आहे तो फोल्डर, ठरवा :

मूळ = पाथ(__फाइल__).रिझॉल्व्ह().पेरेंट

पुढे ‘मूळ / "नोंदी" / "चालू.सीएसव्ही"’ असे जोडले, की मिळणारा पाथ पूर्ण असतो आणि चिन्हाची काळजी पाथलिब घेते. सेटिंगच्या फाइलमध्ये पाथ रिलेटिव्ह ठेवावेत, प्रोग्राम सुरू होताच ते एकदाच पूर्ण करून घ्यावेत, आणि चूक कळवणाऱ्या संदेशात पूर्ण पाथच छापावा. ‘चालू.सीएसव्ही सापडली नाही’ या संदेशातून काहीच हाती लागत नाही. कोठे सापडली नाही हे कळले, तर निम्मे काम होते. याला एक अपवाद आहे : वापरकर्त्याने टर्मिनलवर स्वतः टाइप केलेला रिलेटिव्ह पाथ चालू फोल्डरपासूनच मोजावा, कारण टाइप करणारा माणूस त्याच फोल्डरमध्ये उभा असतो.

जोडताना एक दक्षता घ्यावी. दुसरा भाग स्लॅशने सुरू होत असेल, तर तो पूर्ण पाथ मानला जातो आणि आधीचा ‘मूळ’ गळून पडतो; विंडोजवर फार तर ड्राइव्हचे अक्षर उरते. सेटिंगमध्ये चुकून ‘/नोंदी’ असे लिहिले गेले, तर प्रोग्राम थेट डिस्कच्या मुळाशी शोध घेऊ लागतो. बाहेरच्या व्यक्तीने पाठवलेले नाव जोडायचे असल्यास त्यात दोन टिंबांचा ‘वरच्या फोल्डरमध्ये जा’ हा भागही असू शकतो. म्हणून जोडलेला पाथ आधी रिझॉल्व्ह करून, म्हणजे असे भाग सोडवून पूर्ण करून, तो ‘मूळ’च्या आतच आहे हे तपासावे, आणि मगच फाइल उघडावी.

प्रश्न : विंडोजवर ‘\नोंदी’ आणि ‘सी:नोंदी’ हे पाथ ॲब्सोल्यूट (पूर्ण) समजावेत की रिलेटिव्ह?

उत्तर : दोन्ही अपुरे आहेत. पहिल्यात ड्राइव्ह नाही, त्यामुळे तो चालू ड्राइव्हच्या मुळापासून मोजला जातो. दुसऱ्यात ड्राइव्ह आहे पण मुळाचा बॅकस्लॅश नाही, त्यामुळे तो सी ड्राइव्हवरील चालू फोल्डरपासून मोजला जातो. ‘सी:\नोंदी’ असे दोन्ही असले तरच तो पूर्ण. पायथॉनचे ‘इझॲब्स’ हे फंक्शन पूर्वी ‘\नोंदी’ला पूर्ण म्हणत असे, ३.१३ आवृत्तीपासून ते तसे म्हणत नाही, त्यामुळे जुना प्रोग्राम नव्या आवृत्तीवर नेताना अशा तपासण्या पुन्हा पाहाव्यात. दोन वेगवेगळ्या ड्राइव्हांमध्ये रिलेटिव्ह पाथ काढताच येत नाही. रिलेटिव्ह पाथ काढणारे ‘रेलपाथ’ हे फंक्शन तेथे व्हॅल्यूएरर ही चूक देते.

प्रश्न : फाइलींना मराठी नावे दिली, तर लहान-मोठ्या अक्षरांचा घोळ टळेल का?

उत्तर : तो घोळ टळेल, कारण देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत. रोमन नावांत मात्र लिनक्स हा भेद पाळते, तर विंडोज आणि मॅक सहसा पाळत नाहीत. परंतु ‘पायऱ्या’ या नावातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये (संगणकावर अक्षरे साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत) दोन प्रकारे साठवता येतो : एकसंध चिन्ह म्हणून, किंवा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता अशी दोन चिन्हे म्हणून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, लिनक्सला मात्र ती दोन वेगळी नावे वाटतात. मॅकच्या एचएफएस प्लस या फाइली साठवण्याच्या जुन्या रचनेत अशी अक्षरे फोडूनच साठवली जात, त्यामुळे तेथून आलेल्या फाइलींची नावे ताडून पाहताना दोन्ही बाजू आधी ‘युनिकोडडेटा.नॉर्मलाइझ’ने एनएफसी, म्हणजे एकसंध चिन्हांच्या, रूपात आणाव्यात.